तिचे तास, माझे आठवडे

दोन मैत्रिणींना एकाच सुमारास दिवस गेले की भेटणारं प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलतं, "बरं झालं, एकमेकींना सोबत झाली." २०१९ साली आम्ही दोघींनी हे इतक्यांदा ऐकलं की पुढे ते एकमेकींना चिडवायलाच वापरू लागलो. उलट्यांनी बेजार होऊन ती फोनवर रडकुंडीला आली की मी म्हणायचे, "बरं झालं गं, सोबत झाली." पलीकडून जी शिवी यायची ती इथे छापता येणार नाही.

सोबतीची सुरुवात हेव्याने होते, हे मात्र कुणी आधी सांगत नाही. आमच्या तारखा आठवड्याच्या फरकाने होत्या. तिच्या पोटात पाणी ठरत नव्हतं आणि मी बँकेच्या काउंटरवर बसून दोन माणसांचा डबा संपवत होते. माझा तिला राग यायचा आणि ती तसं तोंडावर सांगायची. तिला डोहाळेही साग्रसंगीत. भाजलेल्या शेंगा काय, कैरी काय, पहिल्या वळवाच्या मातीचा वास काय. मला काहीच नाही. आई वैतागून म्हणायची, "अगं, काहीतरी खावंसं वाटू दे की!"

मे महिन्यात पारडं फिरलं. पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोजचं ते गोडमिट्ट पाणी प्यायल्यावर दोन तासांनी रक्त घेतात. माझा आकडा एकशेचाळीसच्या वर गेला. साखर बंद, भात मोजून आणि आंबा तर नावही काढायचं नाही. कोल्हापुरात मे महिन्यात आंबा बंद म्हणजे काय, हे ज्याचं त्याला माहीत. मैत्रिणीच्या उलट्या तोवर थांबल्या होत्या. ती माझ्यासमोर बसून पायरी पिळून पिळून खायची आणि वर सांगायची, "तुझ्या वाटणीचा खाते गं, वाया कशाला जाऊ दे?" घरातले सगळे माझ्यापासून आंबे लपवत होते. मला त्यांच्या लपवण्याने जास्त वाईट वाटायचं.

बायकांना मात्र आमच्यात आयतं प्रदर्शन मिळालं होतं. दोन पोटं शेजारी शेजारी. हिचं पुढे आलंय, तिचं पसरट आहे, हिच्या तोंडावर तेज आहे, तिचं काळवंडलंय. मग निकाल: हिला मुलगा, तिला मुलगी. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर पाटी असते, आत गेल्यावर फॉर्मवर सही घेतात, १९९४ पासून गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा आहे, आणि गल्लीतलं निदान भरदुपारी पायरीवर बसून चालू. हे हसण्यावारी नेणं कोल्हापूरकरांना परवडणारं नाही. २००१ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. पुढे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना तपासणीवर नजर ठेवणारे 'सायलेंट ऑब्झर्व्हर' जोडून घेतले, ते उगाच नव्हे. जीभ हे यंत्र तेवढं त्यातून सुटलं. (निकाल निम्माच बरोबर आला. दोघींनाही मुली झाल्या.)

इथवर आमची तुलना शरीरांची होती आणि तिच्यात मजा होती. जूनमध्ये कॉलेजं उघडली आणि दुसरी तुलना सुरू झाली.

मी बँकेत कायम. ती एका सीनियर कॉलेजात इतिहास शिकवते, तासिका तत्त्वावर. शिक्षण माझ्यापेक्षा जास्त, नेट झालेली, शिकवते अशी की दुसऱ्या वर्गातली पोरं येऊन मागे बसतात. पण दरवर्षी जून-जुलैत जाहिरात निघते, दरवर्षी मुलाखत होते, आणि पगार तासावर. तास झाला तर पैसे, नाही तर नाही. २०१७ मध्ये कायदा बदलला तेव्हा पगारी बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली, त्यांतले आठ आठवडे आधी घेता येतात. मी एक अर्ज लिहिला आणि जुलैच्या मध्यावर घरी बसले. त्याच आठवड्यात ती सातवा महिना संपवून मुलाखतीला गेली, ओढणी नीट पसरून. समितीतल्या एका सरांनी अवघडून विचारलं, "मॅडम, वर्षभर जमेल ना?" ती म्हणाली, "सर, आपलं वर्ष मार्चपर्यंतच असतं ना? जमेल की."

तास मिळाले. रजेचं विचारायला ती ऑफिसात गेली. हेडक्लार्क वाईट माणूस नव्हे, पण तो म्हणाला, "मॅडम, तुमचे तास आहेत. तुमची नोकरी नाही."

मग ऑगस्ट आला. त्या वर्षीचा पूर कोल्हापूर-सांगलीत कुणाला सांगायला नको. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी त्रेचाळीस फूट आहे. पाणी पंचावन्नच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद, शहरात पेट्रोल नाही, भाजी नाही. तिचं भाड्याचं घर नागाळा पार्कच्या सखल भागात, तळमजल्यावर. नवरा इचलकरंजीत अडकलेला. माहेर शिरोळ तालुक्यात, तिथे कृष्णा आणि पंचगंगा दोघींनी मिळून गाव वेढलेलं. आईवडील जनावरं घेऊन शाळेच्या इमारतीत. मी राजारामपुरीत, माहेरी. आमच्याकडे पाणी चढत नाही. संध्याकाळी दाराशी रिक्षा थांबली आणि तीतून ती उतरली. हातात दोनच गोष्टी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली दवाखान्याची फाइल आणि कॉलेजचं हजेरी रजिस्टर.

शेजारच्या काकू दुसऱ्याच दिवशी हळूच येऊन आईला सांगून गेल्या, एका घरात दोन गर्भारशा असू नयेत, एकीवर भार येतो. आई चुलीवरची, म्हणजे गॅसवरची, भाकरी उलटत म्हणाली, "पाणी ओसरू दे, मग बघू कुणावर येतोय ते."

भार आला तो बाथरूमवर. शहराला पाणी पुरवणारे पंपच पुराखाली गेले होते, त्यामुळे बाहेर जिकडे तिकडे पाणी आणि नळाला थेंब नाही. टँकरची वाट बघायची, हंडे भरून ठेवायचे आणि मोजून वापरायचे. आठव्या महिन्यातल्या दोन बायका रात्रीत किती वेळा उठतात ते अनुभवींना विचारा. बाबा बादल्यांचा हिशेब ठेवायचे आणि सकाळी नुसते आमच्याकडे बघायचे. आम्हांला हसू आवरायचं नाही, आणि त्या अवस्थेत हसणं हाही धोकाच.

लाइट नव्हती. एका पलंगावर दोघी, डाव्या कुशीवर, मध्ये उशी. झोप कुणालाच नाही. अशा रात्री तिच्यातली मास्तरीण जागी व्हायची. बाळंतपणाच्या रजेचा देशातला पहिला कायदा आपल्या मुंबई प्रांताचा, १९२९ चा, हे मला तिनेच अंधारात सांगितलं. गिरण्या-कारखान्यांतल्या बायकांसाठी. आदल्या वर्षी कायदेमंडळात त्या विधेयकाच्या बाजूने डॉ. आंबेडकर बोलले होते. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, तेव्हा त्याचा भार सरकारने उचलावा, आणि बाईच्या कामावर फायदा कमावणाऱ्या मालकालाही त्यातून सुटता येऊ नये, असं त्यांचं म्हणणं. मग २००० सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. दिल्ली महापालिकेच्या रस्त्यांवर रोजंदारीने खडी वाहणाऱ्या बायका, हजेरीपटावरच्या, कायम नसलेल्या. त्यांनाही हा हक्क आहे, असं न्यायालयाने सांगितलं.

"मग तुला का नाही?" मी विचारलं.

"त्यांचा हजेरीपट होता. माझं तास-रजिस्टर आहे," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "भांडता येईल. पण पुढच्या जुलैत मुलाखत त्यांच्याच समोर आहे."

त्या आठवड्यात मला पहिल्यांदा तिच्यासमोर अवघडल्यासारखं झालं. पलंग एक, महिना एक, सुजलेले पाय सारखे. पण माझा प्रत्येक दिवस पगारी होता. पुरामुळे कॉलेज बंद, म्हणजे तिचा एकही तास नाही, म्हणजे तिला पैसे नाहीत. ती रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर कॉलेजचा ग्रुप बघायची, सुट्टी वाढली का. बाकीचे सुट्टी वाढावी म्हणून बघत होते. मी काही समजुतीचं बोलायला गेले तर ती म्हणाली, "तू आपली रजा उपभोग. माझ्या वाटणीचा आंबा समज."

पाणी उतरल्यावर ती गेली आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उभं राहून शिकवत राहिली. फळ्याजवळ खुर्ची ठेवायची व्यवस्था पोरांनीच केली. बाळंतपणं दोघींचीही पार पडली. त्यातलं जे सांगण्यासारखं आहे ते सगळ्यांचंच असतं, आणि बाकीचं सदरात सांगण्यासारखं नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक, धुरी सगळं यथासांग झालं. साखरेमुळे माझ्या खिरीत गूळ नावापुरता. तिची आई महिनाभर घरातला गाळ काढत होती, ती उशिरा आली आणि लवकर परतली.

प्रसूतीनंतरचे सहा आठवडे बाईला कामावर ठेवायचंच नाही, असं तेव्हाचा १९६१ चा कायदा बजावत होता. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस होती. सहा आठवडे आणि दिवाळीची सुट्टी असं जुळवून ती नोव्हेंबरात पुन्हा तासावर उभी राहिली. मुलीला कुठे ठेवायचं? आमच्याकडे. मी होतेच घरी. अकराला ती रिक्षातून यायची, लेक आणि दुधाची बाटली माझ्या हातात, दोन तास घ्यायची आणि धावत परत. एक पाळणा, आळीपाळीने दोन मुली. आई एकीला पायावर घेऊन न्हाऊ घालायची तोवर दुसरी रडून घर डोक्यावर घ्यायची. माझ्या नावावर मंजूर झालेल्या सव्वीस आठवड्यांतला बराच भाग असा तिच्या मुलीने वापरला. "तुझ्या बँकेला कळलं तर?" ती विचारायची. कळलं तर कळू दे. जानेवारीत माझी रजा संपली तेव्हा माझ्याइतकीच तीही हवालदिल झाली. पुढची व्यवस्था आईने एकटीने ओढली, तिला कुठलाच कायदा लागू नाही.

त्या सत्राचं तिचं बिल मार्चच्या सुरुवातीला निघालं. इतके महिने थांबायची तासिकेवरच्या शिक्षकांना सवय असते. सही करण्याआधी तिने ते मला दाखवायला आणलं. तारखांचा तक्ता, प्रत्येक चौकोनात तासांची संख्या. ऑगस्टच्या पहिल्या काही दिवसांनंतर एक आडवी रेघ, पूर होता म्हणून. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून दिवाळीपर्यंत आणखी एक आडवी रेघ. दोन्ही एकाच पेनाने, एकाच पट्टीने मारलेल्या. शेजारी कारणाचा रकाना नव्हता. तिने बेरीज दोनदा तपासली, एक तास कमी धरलेला सापडला, तो दुरुस्त करून घ्यायला पेन्सिलीने खूण केली, आणि लेकीला कडेवर घेऊन कॉलेजची वेळ संपायच्या आत निघाली.