घरच्या घरी : फळांचे आभारपत्र



आपल्या कार्यक्रमांत आभारप्रदर्शन नेहमी शेवटी असते. भाषणे लांबलेली असतात, मागच्या सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झालेली असते, आणि कोणीतरी माईकसमोर उभा राहून मंडपवाल्यापासून लाऊडस्पीकरवाल्यापर्यंत सर्वांची नावे घाईघाईने वाचतो. घरात तर तेवढेही होत नाही. शेजारच्या काकूंनी तापाने फणफणलेल्या पोराला रात्री दवाखान्यात नेले, तरी आपण आभार मानत नाही. मानायला गेलो तर काकूच म्हणतात, "आभार मानून परके करू नका." जवळच्या माणसाला तोंडावर असे काही म्हणायला जीभ अडखळते हे खरेच आहे. पण त्यामुळे ती गोष्ट न बोलताच राहून जाते. आपल्यासाठी कोणी काय केले हे घरातल्या मुलांना पुष्कळदा कळतही नाही.

जे तोंडाने जमत नाही ते कागदावर जमते. दुकानात छापील कार्डे मिळतात, पण त्यांत आपल्या काकूंचे नाव नसते आणि त्या रात्रीची हकिकतही नसते. म्हणून या वेळी आपण घरच्या घरी एक आभारपत्र तयार करू या. त्यावर फळांची चित्रे असतील. ती ठशांनी उमटवायची आणि स्केच पेनांनी पुरी करायची. ज्याला चित्रकला येत नाही त्यालाही हे जमते.

फळेच का? आजाऱ्याला भेटायला जाताना, बाळंतिणीला पाहायला जाताना आपण रिकाम्या हाताने जात नाही, फळे नेतो. महिनाअखेर असेल तर निदान अर्धा डझन केळी. शिवाय आपल्या भाषेत झाडाला येते तेही फळ आणि कष्टाला येते तेही फळच. ज्याने आपल्यासाठी कष्ट घेतले, त्याला त्याच्या कष्टाचे फळ दिसावे, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

साहित्य

पांढरी कार्डशीट, २२ बाय २८ इंचांची, एक. हिचे ७ बाय ११ इंचांचे बरोबर ८ तुकडे होतात. प्रत्येक तुकडा मधोमध दुमडला की ७ बाय साडेपाच इंचांचे पत्र तयार होते. एका शीटमध्ये आठ माणसांची सोय झाली. बाकी मुलांचे स्केच पेन, एक काळा मार्कर, जांभळ्या शाईचा स्टॅम्प पॅड, पोस्टर कलरचे दोन-तीन रंग, एक खोडरबर, एक बटाटा आणि बाटलीची रिकामी झाकणे. बटाटा चांगला घेऊ नये. मोड आलेला, हिरवट पडलेला, भाजीत न चालणारा घ्यावा, म्हणजे अन्न वाया जाणार नाही. सुरी आणि ब्लेड मोठ्यांनीच हाताळावे.

आंबा : बटाट्याचा ठसा

बटाटा एकाच घावात सरळ कापावा. कापलेली बाजू उंचसखल राहिली तर ठसा अर्धाच उमटतो. कापल्यावर तो कपड्यावर पालथा घालून दहा मिनिटे ठेवावा. बटाट्याला पाणी सुटते आणि त्या पाण्याने रंग पसरतो. मग त्या सपाट बाजूवर पेनाने कोयरी काढावी. ही कोयरी शिकवावी लागणार नाही, आईच्या लुगड्याच्या काठावर ती आहेच. कोयरीच्या बाहेरचा भाग साधारण अर्धा सेंटिमीटर खोल कापून काढावा. आता आंबा वर उठून दिसेल.

बशीत जुन्या सुती कापडाची चौपदरी घडी ठेवून ती जराशी ओली करावी आणि तिच्यावर पिवळा रंग पसरावा. हा झाला घरचा पॅड. ठसा त्यावर हलकेच दाबून पहिला छाप वर्तमानपत्राच्या कागदावर घ्यावा. पहिल्या छापात रंग जास्त येतो, दुसरा-तिसरा छाप स्वच्छ येतो. रंग वाळल्यावर नारिंगी स्केच पेनाने एका गालावर लाली द्यावी, हिरव्याने देठ आणि पान काढावे. रंग ओला असताना पेन फिरवू नये. कागदाचा लगदा होतो आणि पेनाचे टोकही बिघडते.

संत्रे : खोडरबराचा ठसा

खोडरबरावर छोटे वर्तुळ आणि त्याच्या आत सायकलच्या चाकासारख्या आऱ्या काढाव्यात. आऱ्यांच्या रेघा ब्लेडने कोरून काढल्या की आडव्या कापलेल्या संत्र्याच्या फोडी तयार होतात. या ठशाला पॅड लागत नाही. साधे, पाण्याच्या शाईचे स्केच पेन थेट ठशावर फिरवावे. फोडींना नारिंगी, कडेला पिवळा. शाई वाळत आली असे वाटले तर आरसा पुसताना करतो तसा "हा" करून तोंडाची वाफ द्यावी आणि ठसा दाबावा. एकाच छापात दोन्ही रंग येतात. पक्क्या शाईचा मार्कर मात्र ठशावर फिरवू नये. तो लगेच वाळतो आणि कागदावर काही उमटत नाही.

बाटलीच्या झाकणाची कड रंगात बुडवून दाबली की गोल मिळतो. त्याला तपकिरी रंग दिला तर चिकू. वर छोटा मुकुट काढून लाल रंग दिला तर डाळिंब. पेन्सिलीच्या मागच्या रबराने लाल ठिपके दिले की डाळिंबाचे दाणे. भेंडी आडवी कापून दाबली की कडेच्या नक्षीला फूल मिळते. पत्र ज्याला द्यायचे त्याच्या गावाकडचे फळ निवडले तर आणखी चांगले. नागपूरकडच्या माणसाला संत्रे, जळगावच्याला केळी, सोलापूरच्याला डाळिंब, घोलवडच्याला चिकू, सासवडच्याला अंजीर. पत्र हातात घेताच त्याच्या तोंडावर हसू येईल.

ठशाने नाव किंवा अक्षर छापायचे असेल तर ते ठशावर उलटे, आरशात दिसते तसे कोरावे लागते. ही युक्ती फार जुनी आहे. छपाईची तारीख असलेला जगातला सर्वांत जुना ग्रंथ वज्रच्छेदिका सूत्राचा आहे, चिनी भाषेतला. लाकडाच्या फळ्यांवर एकेक अक्षर उलटे कोरून, त्यांना शाई लावून तो कागदावर उठवलेला आहे. कागद एकापुढे एक चिकटवून केलेली ही गुंडाळी ५ मीटरांहून लांब आहे. चीनमधल्या तुनहुआंगच्या गुहांत ती सापडली आणि आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या शेवटी तारीख दिली आहे, ती ११ मे ८६८ या दिवसाची. वांग जिए नावाच्या माणसाने आपल्या आई-वडिलांच्या वतीने हा ग्रंथ लोकांना फुकट वाटण्यासाठी करवून घेतला, असेही तिथे नोंदवले आहे. साडेअकराशे वर्षे झाली. आई-वडिलांची आठवण ठेवून ठसा उमटवणारा तो मुलगा अजून त्या कागदावर आहे.

द्राक्षे : आजीचा अंगठा

आता आपल्या पत्रातले सर्वांत सोपे फळ. स्टॅम्प पॅडवर अंगठा टेकवावा आणि कागदावर उठवावा. एक अंगठा म्हणजे एक द्राक्ष. वरच्या ओळीत चार, मग तीन, मग दोन, मग एक असे दहा ठसे घेतले की घोस पुरा होतो. वर हिरवे देठ आणि एक पान. सुटे दोन-तीन ठसे लांबट घेतले तर ती जांभळे. पॅडची शाई जांभळीच असते, त्यामुळे वेगळा रंग लागत नाही. नंतर हात साबणाने धुवावेत. लहान मुले अंगठा तोंडात घालतात, तेवढे पाहावे.

हे दहा ठसे घरातल्या सगळ्यांचे घ्यावेत, आणि त्यांत आजीचा अंगठा जरूर असावा.

आपल्या कितीतरी घरांत अजून अशी आजी आहे, जिला सही येत नाही. तिच्या कागदांवर "निशाणी डावा अंगठा" असे कोणीतरी दुसऱ्यानेच लिहिलेले असते. तिने अंगठा उठवला तो सावकाराच्या कागदावर, मजुरीच्या हजेरीपटावर, कचेरीतल्या अर्जावर. वर काय लिहिले आहे ते तिला वाचता येत नव्हते. कोणी वाचून दाखवले तर दाखवले, नाहीतर बोट टेकवायला सांगितले तिथे तिने टेकवले. त्या जांभळ्या शाईची तिला अजून थोडी भीती वाटते. म्हणून नातवंडांनो, आजीला पॅड पुढे करताना एक नियम पाळावा. आधी पत्रातला सगळा मजकूर तिला मोठ्याने वाचून दाखवावा. "हे बरोबर आहे का? तुला आणखी काही लिहायचे आहे का?" असे विचारावे. ती म्हणेल तो फरक करावा. मगच अंगठा घ्यावा.

आणखी एक विचारावे : "आजी, तुला कोणाचे आभार मानायचे राहिले आहेत का?" उत्तर ऐकायला वेळ काढून बसावे. एखादे नाव असे निघेल की जे घरात कोणीच ऐकलेले नसेल.

मजकूर

पत्राच्या तोंडावर "धन्यवाद" लिहायचे तर आधी पेन्सिलीने शिरोरेषा आखावी आणि तिला अक्षरे टांगावीत. ध, न्य, वा, द अशी चार अक्षरे आहेत. मध्यावर खूण करून दोन डावीकडे, दोन उजवीकडे घेतली की नाव कलत नाही. मग काळ्या मार्करने गिरवावे. मार्कर कागदाच्या पाठीमागे उतरतो, म्हणून पत्र दुमडण्याआधी मागची बाजू पाहून घ्यावी. आतला मजकूर साध्या पेनानेच लिहावा.

आत काय लिहायचे यात मुले अडतात आणि मग "आपले फार फार उपकार झाले" असे लिहून मोकळी होतात. असे लिहू नये. आपल्या घरांत लेखणी बराच काळ अर्ज करण्यासाठीच उचलली गेली. "मेहेरबान साहेब यांचे सेवेशी", "कृपावंत होऊन", "आपला आज्ञाधारक" ही भाषा तिथलीच. आभारपत्रात आपल्याला काही मागायचे नसते. वाकण्याचे कारण नाही, म्हणून उपकार, कृपा, मेहेरबानी हे शब्द गाळावेत. तुम्ही काय केलेत आणि त्याने काय झाले, या दोन गोष्टी लिहाव्यात. त्या खऱ्या असल्या की पुरे. उदाहरणार्थ :

"बाई, मला भागाकार येत नव्हता. तुम्ही मधल्या सुट्टीत रोज दहा मिनिटे माझ्याजवळ बसलात. आता वाण्याकडचा हिशेब मी स्वतः करतो."

"काकू, त्या रात्री आई सेकंड शिफ्टला होती. तुम्ही मला रिक्षाने दवाखान्यात नेले आणि सलाईन संपेपर्यंत जागलात. मी आता शाळेत जातो."

"मावशी, वॉर्डात आजीचे ऑपरेशन झाल्यावर तुम्ही तिचे केस विंचरून दिलेत. घरी आल्यावर तिने पहिल्यांदा हेच सांगितले."

शेवटचे पत्र ज्यांना आहे त्या वॉर्डातल्या मावशींसारख्या माणसांना लेखी आभार क्वचितच मिळतात. डॉक्टरांना पेढे मिळतात, हेडमास्तरांना शाल-श्रीफळ मिळते. लादी पुसणारी, बेडपॅन देणारी, शाळेची घंटा वाजवणारी माणसे राहून जातात. आठ पत्रांतली निदान चार त्यांच्यासाठी ठेवावीत. एवढे मात्र पाहावे की काम अडलेले असताना पत्र देऊ नये आणि त्यात नोट घालू नये. काम होऊन गेल्यावर, काही घेणे-देणे उरलेले नसताना दिलेले पत्रच खरे आभारपत्र.

पाकीट आणि पोचवणे

जुन्या कॅलेंडरच्या कागदाचे पाकीट छान होते. साडेआठ इंच रुंद आणि १४ इंच लांब कागद घ्यावा, छापील बाजू आत. खालचे ६ इंच वर दुमडावेत, दोन्ही कडांना अर्धा-अर्धा इंच डिंक किंवा खळ लावून चिकटवावे. वरचे २ इंच झाकणासाठी राहतात. पत्र त्यात सैल बसते. टपालाने पाठवायचे असेल तर पिनकोडचे सहाही आकडे लिहावेत आणि पोस्टात वजन करून तिकीट लावावे. पत्राच्या मागे तारीख घालावी आणि कोणते द्राक्ष कोणाच्या अंगठ्याचे आहे ते बारीक अक्षरात लिहावे.

पण हाताने देता येत असेल तर हातानेच द्यावे, आणि ज्याने मजकूर लिहिला त्या मुलाला बरोबर न्यावे. ज्या मावशींना पत्र द्यायचे त्यांनाही कदाचित वाचता येत नसेल. तसे विचारून त्यांना अवघडवू नये. मुलाने पत्र उघडावे आणि स्वतःच मोठ्याने वाचून दाखवावे.