पीएचडीनंतरची तीन-चार वर्षं

लखनौची सीडीआरआय ही औषध संशोधन संस्था १९५१ सालची. मलेरिया, हत्तीरोग, काळा आजार हे तिचे जुने विषय, म्हणजे गरिबांचे रोग. काळा आजार पसरवणारी चिलटासारखी माशी कच्च्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलीत राहते. बिहारच्या मुसहर टोल्यांवर हा रोग वर्षानुवर्षे का टिकला, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

या रोगाचा परजीवी शरीराच्या पहारेकरी पेशीतच घर करतो. पेशी त्याला मारत का नाही? याचं एक उत्तर मायक्रोआरएनएत शोधलं जातं. हे साधारण २२ अक्षरांचे तुकडे स्वतः प्रथिन बनवत नाहीत. प्रथिनाचा निरोप नेणाऱ्या लांब आरएनएला चिकटून ते तो निरोप दाबतात. मिर-१४६ए नावाचा तुकडा दाह वाढला की ब्रेक लावतो. असा पहिला तुकडा १९९३ मध्ये मिलिमीटरभर कृमीत सापडला आणि अ‍ॅम्ब्रोस व रुवकुन यांना नोबेल मिळालं २०२४ मध्ये. एकतीस वर्षं! मूलभूत संशोधनाला वेळ लागतो हे खरंच आहे. पण तो वेळ कोणाकडे असतो?

माझा इथला रूममेट नांदेड जिल्ह्यातला, घरातला पहिला पदवीधर. याच विषयात पोस्टडॉक करतो. रिसर्च असोसिएटला २०२३ पासून महिना ५८,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. ऐकायला बरं वाटतं. पण प्रोजेक्ट संपला की नोकरी संपते, आणि निधी अडला की पगारही अडतो. आधीच्या शहरात त्याचा पाच महिने अडला होता. तेव्हा प्रयोगशाळेतला एक जण त्याला सहज म्हणाला, "घरून मागव ना." घरी पैसे पाठवणारा हाच होता.

बार्टीची फेलोशिप पीएचडीसाठी आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही पदव्युत्तर आणि पीएचडीपर्यंतच. या दोन्हींसाठी आपण भांडलो, भांडायलाच हवं होतं. पण जीवशास्त्रात मोठ्या संस्थेत प्राध्यापक व्हायचं तर पोस्टडॉक लागतं, तेही शक्यतो परदेशातलं. आपल्या मागण्यांच्या यादीत ही पायरी क्वचितच असते. माझं समाजशास्त्रही प्रवेश मोजतं, प्राध्यापक मोजतं. मधली गळती मीही कधी मोजली नव्हती. 'नॉट फाउंड सुटेबल'चा शिक्का मुलाखतीत बसतो खरा, पण त्याची तयारी याच तीन-चार वर्षांत होते. ज्याच्या बापाचा पुण्यात फ्लॅट आहे तो ती काढतो. आपला पोरगा कर्जाचा हप्ता आणि बहिणीचं लग्न यांचा हिशेब करतो. आणि मग टोल्यावरच्या रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचतात, टोल्यावरची माणसं मात्र पोहोचत नाहीत.

रूममेटचा प्रोजेक्ट मार्चमध्ये संपतोय. नांदेडच्या एका नीट क्लासने त्याला जीवशास्त्र शिकवायला बोलावलंय, पगार दुप्पट. रविवारपर्यंत कळवायचं आहे.