ताप तपासून साथ थांबत नाही

कोरोनाच्या काळात मॉल, बँका, मंदिरे आणि सरकारी कचेऱ्यांच्या दारात थर्मल गन कपाळावर रोखून माणसांना आत सोडले जात होते. ताप नाही म्हणजे धोका नाही, असे त्यामागचे गृहीतक होते. ते अगदीच निराधार नव्हते. 2003 मध्ये सार्सची साथ आली तेव्हा जगभरात सुमारे 8 हजार लोकांना लागण झाली, 774 जण दगावले आणि काही महिन्यांत ती साथ आटोक्यातही आली. याचे एक मोठे कारण त्या विषाणूच्या स्वभावात होते. सार्सच्या रुग्णांत विषाणूभार, म्हणजे नाकाघशातील स्रावात सापडणारे विषाणूचे प्रमाण, लक्षणे सुरू झाल्यावर साधारण दहाव्या दिवशी सर्वाधिक होत असे. तोवर रुग्ण बहुधा रुग्णालयात पोहोचलेला असे. आजारी माणूस ओळखून वेगळा ठेवला की साखळी तुटत असे. 2020 मध्ये हाच अनुभव नव्या विषाणूला लावला गेला आणि तिथे हिशेब चुकला. लक्षणे ही शरीराने दिलेली प्रतिक्रिया आहे, विषाणू किती आहे याचे ते माप नाही. त्यामुळे श्वसनाच्या आजारांपासून बचावाची सारी भिस्त लक्षणे दिसण्यावर ठेवणे चूक आहे.

याचा पहिला भक्कम पुरावा इटलीतून आला. व्हेनेतो प्रांतातील व्हो हे जेमतेम सव्वातीन हजार वस्तीचे गाव. 21 फेब्रुवारी 2020 रोजी तिथल्या एका रहिवाशाचा मृत्यू झाला आणि तो इटलीतील कोरोनाचा पहिला बळी ठरला. गाव बंद करण्यात आले आणि टाळेबंदीच्या सुरुवातीला व शेवटी असे दोनदा बहुतेक गावकऱ्यांचे स्वॅब घेण्यात आले. लक्षणे असोत वा नसोत, सर्वांची तपासणी झाली, हे या पाहणीचे मोल. बाधितांपैकी 42.5 टक्के लोकांना कसलाही त्रास नव्हता आणि त्यांच्या व आजारी पडलेल्यांच्या विषाणूभारात म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. दक्षिण कोरियात चोनान येथील विलगीकरण केंद्रातील 303 जणांच्या अभ्यासातही हेच दिसले. त्यांतल्या 110 जणांना दाखल होताना लक्षणे नव्हती. पुढे 21 जणांना ती आली, 89 जणांना शेवटपर्यंत आली नाहीत. पण विषाणूभार सर्वांचा साधारण सारखाच होता. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील एका शुश्रूषागृहात तपासणीच्या दिवशी ठणठणीत दिसणाऱ्या आणि नंतर आजारी पडलेल्या 24 वृद्धांपैकी 17 जणांच्या नमुन्यांतून प्रयोगशाळेत जिवंत विषाणू वाढवता आला.

असे का होते, हे समजायला अवघड नाही. विषाणू नाकाघशातील पेशींत शिरून आपल्या प्रती काढत राहतो. हे काम मुकाट्याने चालते. ताप, अंगदुखी, थकवा हे बव्हंशी आपल्या प्रतिकारयंत्रणेच्या कामाचे परिणाम असतात. ही यंत्रणा किती लवकर जागी होते आणि किती जोराने काम करते, हे वय, पूर्वीचा संसर्ग, लस आणि प्रकृती यांवर ठरते. म्हणून सारख्याच विषाणूभाराचा एक जण फणफणतो आणि दुसरा कामावर जातो. शिवाय कोरोनाचा विषाणूभार लक्षणे सुरू होण्याच्या सुमारास किंवा त्याआधीच सर्वाधिक असतो, असे 2020 च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेल्या चिनी रुग्णांवरील अभ्यासातून पुढे आले. एकूण फैलावापैकी 44 टक्के लक्षणांपूर्वीच होत असावा, असा त्याचा अंदाज होता.

आता यावरचा सर्वात वजनदार आक्षेप. विषाणूभार सारखा असला म्हणजे संसर्ग पसरवण्याची क्षमताही सारखी, असे म्हणता येईल का? नाही. आरटीपीसीआर चाचणी विषाणूचे जनुकीय तुकडे मोजते; तो जिवंत आहे की मेलेला, हे तिला कळत नाही. म्युनिकमधील पहिल्या काही रुग्णांत लक्षणे सुरू झाल्याच्या आठव्या दिवसानंतर जिवंत विषाणू मिळेनासा झाला, पण तुकडे मात्र पुढेही सापडत राहिले. दुसरे म्हणजे नाकातला विषाणू हवेत यावा लागतो आणि खोकला-शिंका त्याला बळ देतात. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की, शेवटपर्यंत लक्षणे न आलेल्या व्यक्तीकडून सहवासातील माणसाला लागण होण्याची शक्यता आजारी माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश असते. ब्रिटनमध्ये निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम लागण करून झालेल्या प्रयोगात 18 जण बाधित झाले. त्यांच्या विषाणूभाराचा लक्षणांच्या तीव्रतेशी मेळ बसला नाही, हे खरे. पण हवेत सापडलेल्या विषाणूपैकी 86 टक्के केवळ दोघांकडून आला होता आणि पहिले लक्षण जाणवण्याआधी बाहेर पडलेला हिस्सा फक्त 7 टक्के होता.

हा आक्षेप मान्य करूनही मूळ मुद्दा टिकतो. एक तृतीयांश शक्यता ही दर सहवासामागची आहे. तापाने फणफणलेला माणूस घरातल्या चौघांना भेटतो. धडधाकट वाटणारा लोकल, कचेरी, लग्नघर असे सगळीकडे जातो. त्यामुळे एकूण फैलावात त्याचा वाटा गौण राहत नाही. ब्रिटनमधल्या प्रयोगाचाही अर्थ नीट लावला पाहिजे. तिथे स्वयंसेवकांची दिवसातून अनेकदा विचारपूस होत होती आणि घशातली किंचित खवखवसुद्धा लक्षण म्हणून नोंदली जात होती. आपल्याकडे अशी खवखव कोणी मोजत नाही, गरम पाणी पिऊन माणूस कामाला लागतो. या प्रयोगाने थर्मल गनचे समर्थन होत नाही. उलट ताप येईपर्यंत थांबू नका, पहिल्या कुरबुरीलाच घरी बसा, असे तो सांगतो. आणि फार विषाणू सोडणारे ते दोघे कोण, हे चेहऱ्यावरून आधी कळण्याचा मार्ग आजही नाही.

विषाणूभाराचा आकडा हाती आला की त्यावरून सोपा नियम करण्याचा मोहही होतो. एप्रिल 2021 मध्ये दुसरी लाट भरात असताना महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याने बाधित ठरवण्यासाठीची सीटी व्हॅल्यूची मर्यादा 24 करता येईल का, अशी विचारणा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे (आयसीएमआर) केली होती. विषाणू सापडेपर्यंत चाचणीला किती आवर्तने करावी लागली, हे ही संख्या सांगते. ती जितकी कमी तितका भार जास्त आणि सुमारे 3.3 आवर्तनांचा फरक म्हणजे दहापट फरक. आयसीएमआरने 35 हीच मर्यादा कायम ठेवली. मर्यादा खाली आणल्यास अनेक संसर्गजन्य व्यक्ती निसटतील, असे तिचे उत्तर होते आणि ते योग्यच होते. स्वॅब कसा घेतला, संसर्गाच्या कितव्या दिवशी घेतला, यावर हा आकडा हलतो. आज 32 असलेला माणूस परवा 20 वर असू शकतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. लक्षणे नसलेलाही वाहक असू शकतो म्हटले की प्रत्येक जण संशयित ठरतो; मग कोणी कामावर जायचेच नाही का? टाळेबंदीत हातावर पोट असणाऱ्यांची जी होरपळ झाली, ती पाहता हा प्रश्न रास्त आहे. जुलै 2020 मध्ये मुंबईतील तीन प्रभागांत झालेल्या सेरो सर्वेक्षणात झोपडपट्टीतील 57 टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली. तेव्हा साऱ्या शहरातील नोंदलेले रुग्ण सुमारे लाखभर होते. चाचण्या तोकड्या होत्या हे खरे, पण बहुसंख्यांचा संसर्ग कोणाच्या लक्षातही आला नव्हता. अशा वेळी माणसांवर पाळत ठेवून काही साधत नाही, तिथल्या हवेकडे लक्ष द्यावे लागते. खेळती हवा आत आलेला आजारी आहे की नाही हे विचारत नाही, ती दोघांनाही सारखीच लागू पडते. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो, बाहेरची हवा आत आणत नाही. आपले दवाखाने, क्लासेस आणि बँकांच्या शाखा आज अशाच बंद खोल्यांत चालतात. केवळ लक्षणांवर विसंबू नये, हा धडा क्षयरोगाच्या बाबतीतही लागू पडतो. राष्ट्रीय सर्वेक्षणात छातीचा एक्स-रे काढला नसता तर जवळपास 43 टक्के क्षयरुग्ण निसटले असते.

म्हणून मागणी नेमकी हवी. दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहांत, वृद्धाश्रमांत आणि वर्गखोल्यांत बाहेरची हवा किती यावी याचे बंधनकारक निकष राज्य सरकारने ठरवावेत आणि ते तपासावेत. कर्करोग व अतिदक्षता विभागांत साथीच्या दिवसांत प्रत्येकाने, खोकला असो वा नसो, मास्क लावावा. कंत्राटी कामगारांना पगारी आजारपणाची रजा मिळावी, म्हणजे घसा खवखवताच घरी थांबणे त्यांना परवडेल. आणि पुढच्या नव्या विषाणूच्या वेळी व्होसारखी, लक्षणे न बघता सर्वांना तपासणारी पाहणी पहिल्या काही आठवड्यांतच व्हावी. सार्सचा विषाणू एका तऱ्हेने वागला, कोरोनाचा दुसऱ्या. पुढचा कसा वागेल हे मोजल्याशिवाय कळणार नाही.