माडाला स्वेटर नको

डिसेंबर उजाडला की माथेरानच्या काही बंगल्यांच्या आवारात शोभेचे पाम गोणपाटात आणि प्लास्टिकात गुंडाळलेले दिसतात. पानं सुतळीने वर बांधलेली, बुंध्याला बबल रॅप. विचारलं की उत्तर ठरलेलं: "थंडीने जळतील ना!" माझं म्हणणं सरळ आहे. हा उद्योग निरुपयोगी तर आहेच, शिवाय झाडाच्या जिवावर उठणारा आहे.

पद्धत खोटी नाही, फक्त इथली नाही. रॉबर्ट फॉर्च्यूनने १८४९च्या सुमारास चीनमधून पाठवलेला पंख्यासारख्या पानांचा पाम इंग्लंडच्या बागांत रुजला. तो शून्याखाली दहा अंशही सोसतो. त्याच्याहून नाजूक जाती मात्र तिथे झाकाव्याच लागतात. आंब्याची फांदी मेली तर दुसरी फुटते. एका खोडाच्या पामला वाढीचा कोंब एकच, शेंड्याच्या गाभ्यात. तो मेला की झाड संपलं. त्या गाभ्यात पाणी साचून गोठलं की कोंब मरतो. म्हणून तिथला माळी पानं बांधतो, गाभा कोरडा ठेवतो आणि थंडी ओसरली की लगेच सोडतो.

म्हणजे सगळा खटाटोप पाणी गोठण्याच्या भीतीपोटी. माथेरान समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटरवर, आणि अरबी समुद्र फार लांब नाही. इथे स्वेटर लागतो, पण पाणी गोठत नाही. उलट रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते, त्यामुळे कित्येक पहाटे खालच्या कर्जत-बदलापूरचा पारा माथेरानपेक्षा खाली असतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी कधीकधी दव गोठतं. निफाडचे द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. त्यांची भीती खरी आहे. माथेरानची भीती व्हिडिओतून आलेली आहे. आमच्या धंद्यात दुसऱ्याच्या सर्व्हरची सेटिंग न वाचता आपल्याकडे चिकटवणाऱ्याला कोणी हुशार म्हणत नाही. बागेत मात्र त्याला हौशी म्हणतात.

इथे पामला मारतो तो पावसाळा. चार महिन्यांत ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खाली जांभ्यावरची पातळ माती, वर सोसाट्याचा वारा. ओल धरली की बुरशी येते आणि कोंब कुजतो. कोवळ्या शेंड्यात गेंडा भुंगा शिरतो, जखमेच्या वासाने सोंड्या येतो. आता सांगा, महिनोन्महिने प्लास्टिकात घाम फुटलेला शेंडा कोणाच्या सोयीचा? बुरशीच्या आणि किड्यांच्या. झाकलेल्या झाडाला लागलेली कीडही मालकाला दिसत नाही.

"आमचं झाड, आमचे पैसे, तुम्हाला काय?" असं विचारलं जाईल. त्याचं उत्तर असं. माथेरान २००३पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. गावात मोटार येत नाही, म्हणून पामची कुंडी कोणाच्या तरी डोक्यावरून, हातगाडीवरून नाहीतर घोड्यावरून चढते. फाटलेलं प्लास्टिक मात्र वाऱ्याने थेट दरीत जातं. आणि मे महिन्यात गाव पाणी जपून वापरत असताना या पाहुण्याला रोज बादल्या लागतात. हे फक्त मालकाच्या कुंपणाआतलं प्रकरण उरत नाही.

रोप नवं आणि कोवळं असेल, तर गार रात्री पातळ सुती कापड टाका आणि सकाळी काढा. मोठ्या झाडाला बुंध्यापासून थोडं लांब पालापाचोळ्याचं आच्छादन द्या आणि पावसाआधी पाण्याचा निचरा बघा. एवढं पुरे.

आणि पाम हवाच असेल, तर सह्याद्रीचा स्वतःचा भेरली माड आहे. माशाच्या शेपटीसारखी पानं, लांब लोंबणारे तुरे. पानं मंडपाच्या सजावटीला लागतात, तुऱ्यातून माडी निघते, पिकली फळं उदमांजर खातं. तो शेंड्याकडून खाली फुलत येतो आणि शेवटचा बहर संपला की मरतो. हे ठाऊक असलेला माणूस त्याच्या शेजारी आधीच दुसरं रोप लावतो. या माडाने इथला पाऊस, वारा, जांभा आणि थंडी पिढ्यान् पिढ्या झेलली आहे. त्याला कोणी कधी गोधडी पांघरलेली नाही.

तेव्हा सुतळी सोडा, प्लास्टिक उतरवा. खाली परत न्यायची जबाबदारीही तुमचीच.