गुलाबी कुठे आहे?

गेल्या हिवाळ्यात लोणारला गेलो होतो. सरोवराच्या काठावर एक गृहस्थ सहकुटुंब उभे होते. खाली हिरवे पाणी पाहून ते चिडले. "गुलाबी कुठे आहे? फुकट आलो!"

अहो महाराज, सरोवर म्हणजे काय दुकानातले लुगडे, मागाल त्या रंगात उलगडून दाखवायला? २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झाले, ते तुमच्या हौसेखातर नव्हे. पाणी आटले, खारटपणा वाढला, आणि मिठातच सुखाने नांदणारे सूक्ष्मजीव माजले. त्यांच्या अंगचा तो रंग. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून हे सांगितले. पाऊस झाला, रंग ओसरला. तापाने लाल झालेल्या गालांना 'काय रूप खुललंय!' असे कुणी म्हणते का?

उल्केच्या आघाताने काळ्या पाषाणात पडलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर; तळाशी खारे पाणी, आणि वर काठाशी गोमुखाची गोडी धार! एवढे नवल पुरत नाही?

त्यांच्या धाकट्याने मात्र विचारले, "बाबा, हे पाणी खारट कशानं झालं?"

या प्रश्नासाठी लोणारला जावे. रंगांसाठी रंगपंचमी आहेच.