बाटलीवरचा आकडा, पोटातला हिशेब

डाळिंबाचा रस विकायचा तर बाटलीवर 'अँटिऑक्सिडंटने भरपूर' असे छापावेच लागते, अशी बाजाराची समजूत आहे. हा भरपूरपणा मोजला जातो परीक्षानळीत. पोटातला व्यवहार निराळा. डाळिंबातले मुख्य अँटिऑक्सिडंट पॉलिफेनॉल म्हणजे प्युनिकॅलॅजिन. त्याचा रेणू एवढा मोठा, की तो जसाच्या तसा रक्तात जवळजवळ जातच नाही. त्यातून सुटणारे एलॅजिक आम्लही फारसे शोषले जात नाही. ते मोठ्या आतड्यात पोचले, की गॉर्डोनिबॅक्टरसारखे जिवाणू त्याचे एक वलय तोडतात, मग एकेक हायड्रॉक्सिल गट काढत जातात. शेवटी तयार होते युरोलिथिन, आणि रक्तात शिरते ते प्रामुख्याने हेच.

मात्र हे जिवाणू सगळ्यांकडे नसतात. कुणाच्या आतड्यात 'युरोलिथिन ए' बनते, कुणाच्या 'बी', तर काहींच्या काहीच नाही. सोयाबीनचेही तेच. त्यातल्या डेडझीन या घटकापासून आतड्यात इक्वॉल हे संयुग बनवू शकणारे लोक पाश्चात्त्य देशांत साधारण २५ ते ३० टक्केच असतात. जपानमध्ये निम्मे किंवा त्याहून अधिक. एकाच बाटलीतून दोघे प्यायले, तरी दोघांना मिळते ते वेगळे. मग बाटलीवरचा आकडा नेमका कुणाचा?

अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची आपली यादी २०१२ साली संकेतस्थळावरून काढून टाकली. परीक्षानळीतले आकडे माणसाच्या शरीराला लावता येत नाहीत, हे त्यामागचे कारण. बाजाराने यातूनही वाट काढली: आता तयार युरोलिथिनच्याच कॅप्सूल मिळतात. 'तुमच्या पोटात ते बनेलच असे नाही' हा त्यांचा प्रचार. म्हणजे रसाच्या बाटलीवरचा दावा पोकळ होता, याची कबुली त्याच बाजाराने दिली, तीही पैसे घेऊन! या कॅप्सूलच्या माणसांवरील चाचण्या मात्र अजून लहान आणि थोड्या मुदतीच्याच आहेत.

आपल्याकडे अन्नपदार्थांच्या जाहिराती व दाव्यांसाठी २०१८चे नियम आहेत आणि त्यांत शास्त्रीय पुराव्याची अटही आहे. परीक्षानळीतला आकडा हा असा पुरावा नव्हे, एवढे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने उत्पादकांना ठणकावून सांगावे. सोलापूरच्या बागाईतदाराचे यात काही बिघडणार नाही. त्याचे डाळिंब रंगावर आणि चवीवर विकले जाते. बिघडेल ते लेबलवाल्यांचे.