टपावरची होडी

फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘खेलो इंडिया’ची कॅनो स्लॅलम स्पर्धा महेश्वरच्या सहस्रधारेत झाली. आपल्या मुलांनाही या खेळाची ओढ लागली, तर नवल नाही. पण एकेरी स्लॅलम कयाक किमान साडेतीन मीटर लांब. न्यायची मोटारीच्या टपावरूनच.

कॅरिअर घेण्याआधी गाडीचे माहितीपुस्तक उघडा, असे मी सांगेन. टपाला किती किलो चालते ते पाहा. त्यात कॅरिअरचेही वजन धरा. दोन आडव्या दांड्यांत पुरेसे अंतर हवे. रबरी हुक नकोत, बकलचे रुंद पट्टे घ्या. वेगात वारा होडी उचलतो, म्हणून पुढचे-मागचे टोकही बांधा. बऱ्हाणपूरहून निघालात, तर असीरगडापाशी थांबून पट्टे पुन्हा आवळा. सुटलेली होडी आपल्याला नव्हे, मागच्या मोटारसायकलवाल्याला लागते.